दत्तकाची रेघ

आबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. तुम्ही होतात तेव्हाही फार लिहिलं नाही. रविवारी फोन करायचे, आणि तुम्ही दुसऱ्याच मिनिटाला "बरं आहे सगळं, ठेव आता" म्हणायचात. आज लिहायला बसले कारण गेले आठ महिने मी ज्या कामात बुडाले होते ते काम तुमच्या जातकुळीचं होतं. एका स्कॉटिश सरदारकीचा वारस शोधायचा होता. हसू नका. तुम्ही तालुक्याच्या कचेरीतल्या दफ्तरखान्यात बसून जन्मभर पाटीलक्या आणि देशमुख्यांचे मोडी कागद वाचलेत, तुमच्या लेकीने अमेरिकेत बसून चारशे वर्षांपूर्वीच्या एका लॉर्डचा कागद वाचला, एवढाच फरक. आणि या कामात शेवटी मी येऊन अडकले ती त्याच्यापाशी, ज्याला तुम्ही माझ्या जागी आणलंत. त्याच्याबद्दल तुमच्याशी मी कधी बोलले नाही. आज बोलायचं आहे.

मी राहते ते गाव तुम्ही पाहिलं नाहीत. अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया. इथे मैलोन् मैल बिनखिडक्यांच्या इमारती आहेत, जगाचं निम्मं इंटरनेट म्हणे त्यांच्यातून जातं, आणि तुमचे जावई त्यातल्याच एका इमारतीची काळजी घेतात. मी आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा इथल्या लायब्ररीतल्या एका खोलीत फुकट काम करायला लागले. जुन्या वाड्यावस्त्यांचे कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनींचे दस्तऐवज असे सगळे त्या खोलीत असतात, आणि लोक आपले आजे-पणजे शोधायला तिथे येतात. पुढे कागदपत्रं झाली, त्यांनी मला पगारावर घेतलं आणि मी तिथेच राहिले. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी हस्ताक्षर इथल्या शिकलेल्या पोरांना वाचता येत नाही, मला येतं. ते पाहून सगळ्यांना नवल वाटतं, मला नाही वाटत. तुम्ही मला मोडी शिकवताना म्हणायचात, अक्षर ओळखायला जाऊ नकोस, आधी लिहिणाऱ्याचा हात ओळख, मग अक्षर आपणहून बोलतं. तो मंत्र लंडनच्या कारकुनालाही लागू पडतो आणि व्हर्जिनियातल्या तंबाखूवाल्यालाही.

फेब्रुवारीत एक म्हातारा आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उंच, आडव्या बांध्याचा, आयुष्यभर घोड्यांना नाल मारायचा धंदा केलेला. आमच्या काउंटीच्या पश्चिमेला अजून घोड्यांचे मोठमोठे तबेले आहेत. काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. टेबलावर ठेवण्याआधी त्याने टेबल रुमालाने पुसलं, तेव्हाच मला तो माणूस आवडला. म्हणाला, "मॅम, आमच्या घरात असं सांगतात की आम्ही स्कॉटलंडचे लॉर्ड आहोत. माझे वडील हे सांगत फिरायचे आणि गावातले लोक त्यांना 'काय लॉर्डसाहेब' म्हणून खिजवायचे. मरताना ते मला म्हणाले, खरं काय ते एकदा बघ. मी त्यांना बघतो म्हटलं आणि चाळीस वर्षं घोड्यांच्या पायाशी बसून राहिलो. खोटं असलं तरी चालेल. फक्त मला माहीत हवं." डब्यात पत्रं होती, एक जाडजूड बायबल होतं, आणि कुणा पूर्वजाच्या तसबिरीचा फोटो होता. त्या पूर्वजाचं नाक लांब, मधे उंचवटा आलेलं. म्हाताऱ्याने मान वळवून मला स्वतःचं नाक दाखवलं. "लॉर्डचं नाक," तो म्हणाला, "आमच्यात सगळ्यांना आहे."

मी मनात म्हटलं, घ्या, आलं आणखी एक राजघराणं. अशी माणसं महिन्याला दोन येतात. पण कागद बघत गेले तशी गंमत ओसरली आणि दुसरंच काहीतरी वाटू लागलं. ते घराणं खरं होतं. एडिंबरोत एक बाई आहेत, लोकांना जुने दस्तऐवज शोधून देणं हाच त्यांचा व्यवसाय. त्यांना लिहिलं, तर त्यांनी मूळ सनदेचा फोटो आणि खाली इंग्रजी तर्जुमा पाठवला. सनद लॅटिनमध्ये आहे. राजा म्हणतो, हा किताब मी माझ्या या माणसाला देतो आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांना, मग ते कोणीही असोत. आबा, ते 'कोणीही असोत' मी तीनदा वाचलं. कारण त्या बाईंनी लिहिलं होतं की शेजारच्याच एका घराण्याच्या सनदेत 'पुरुष वारसांना' असे शब्द आहेत, आणि ते घराणं मुलगे संपले तिथे बुडालं. इथे मात्र तिसऱ्या लॉर्डला दोन मुलीच झाल्या आणि थोरलीने किताब उचलला. कुणाची बायको म्हणून मिळालेला नव्हे, स्वतःच्या हक्काचा. इंग्लंडात असं झालं असतं तर बहिणी-बहिणींत तो किताब अडकून पडला असता, ना हिचा ना तिचा. स्कॉटलंडात थोरली सगळाच्या सगळा घेते. जमीन तिच्या आजोबांनीच घालवलेली होती, त्यामुळे हाती काही लागलं नाही, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण नाव तिचं होतं. तिची सही मी पाहिली. तिच्या सहीत नवऱ्याचं आडनाव नाही, नुसता किताब आहे, आणि शेवटचं अक्षर असं ओढलंय की खालच्या साक्षीदाराच्या सहीला जागाच राहिलेली नाही.

मला राहून राहून तो सनद लिहिणारा कारकून आठवत राहिला. आठवत राहिला म्हणजे दिसत राहिला, आणि दरवेळी तो तुमच्यासारखा दिसला, बोटाला शाई लागलेला, मान वाकडी करून बसलेला. त्याला काय ठाऊक असेल? राजाने सांगितलं म्हणून लिहिलं असेल, किंवा मागच्या सनदेवरून उतरवलं असेल. त्याने एक शब्द घातला आणि दुसरा घातला नाही, आणि त्या एवढ्याशा शब्दाच्या आधाराने चारशे वर्षं मुली दारातून आत येऊ शकत होत्या. मी त्या दिवशी घरी गेले आणि स्वयंपाकाला लागायच्या ऐवजी ओट्याला टेकून उभीच राहिले. मला भीती वाटल्यासारखं झालं, आनंदाची भीती. एवढं मोठं काहीतरी इतक्या लहान जागी ठेवलेलं असतं आणि आपण त्याच्यावरून रोज जातयेत असतो.

पुढचं सांगते. त्या थोरलीचा धाकटा मुलगा व्हर्जिनियात तंबाखू लावायला आला. मागे स्कॉटलंडात थोरल्या मुलाची पाती काही पिढ्यांनी संपली, आणि किताब समुद्र ओलांडून इकडे यायला हवा होता. पण तोवर इथे वेगळा देश झालेला, आणि या देशाने आमच्यात लॉर्ड नकोत म्हणून ठरवलेलं. इथल्या वारसाला तंबाखूच्या भावाची चिंता, तो कशाला हक्क सांगायला जातो? त्याने सांगितला नाही, त्याच्या मुलाने नाही, नातवाने नाही. अशा किताबाला तिकडे 'झोपलेला' म्हणतात. मेलेला नाही. कुणीतरी येऊन उठवेपर्यंत तो पडून राहतो, शंभर वर्षं, दोनशे वर्षं, कुठे तर घोड्याचा नाल ठोकणाऱ्या माणसाच्या बिस्किटांच्या डब्यात. आपल्या पाटीलकीचं सरकारने कागदोपत्री केव्हाच विसर्जन केलं, तरी होळी पेटवायचा मान आपल्याच घराचा होता आणि त्या मानावरून भाऊबंद एकमेकांची डोकी फोडायला उठायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. मी इथली नागरिक झाले तेव्हा अर्जात एक प्रश्न होता, तुमच्याकडे वंशपरंपरेने आलेला काही किताब आहे का, असल्यास सोडायला तयार आहात का. मी पेन हातात घेऊन मिनिटभर थांबले होते, आबा. मग लक्षात आलं की असलाच तर तो माझ्याकडे नाही, त्याच्याकडे आहे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी नऊ वर्षांची, तो सहा. धाकट्या काकांचा मधला मुलगा. गावाकडच्या घरात पाट मांडलेत, भटजी होम पेटवताहेत, काकू त्याला उचलून तुमच्या मांडीवर ठेवते आणि हात काढून घेते. तो मागे वळून तिच्याकडे बघतो. मग त्याला फेटा बांधतात, तो डोळ्यांवर येतो, सगळे हसतात, साखर वाटली जाते. माझ्याही हातावर कुणीतरी साखर ठेवलीय आणि ती घामाने चिकट झालीय. "माझ्यामागे होळी कोण पेटवणार?" असं तुम्ही महिनाभर म्हणत होतात, आणि मी एकदा "मी पेटवीन" म्हणाले होते तेव्हा तुम्ही सगळ्यांबरोबर हसला होतात. संध्याकाळी तो "आई, भूक" म्हणत काकूकडे गेला, तर तिने त्याला आमच्या आईकडे वळवलं आणि म्हणाली, "मी काकू रे आता." हे मी दारातून पाहिलं. मला त्याची दया आली नाही. मला वाटलं, बरं झालं.

तालुक्याच्या घरी परतल्यावर तुम्ही वंशावळीचा कागद काढलात आणि तुमच्या नावाखाली त्याचं नाव लिहिलंत. वरून खाली एक रेघ, ठसठशीत, जशी पणजोबांपासून तुमच्यापर्यंत आली होती अगदी तशीच. तुम्ही कचेरीत गेल्यावर मी पेन्सिलीने त्याच्या शेजारी माझं नाव लिहिलं आणि मीही एक रेघ ओढली. संध्याकाळी तुम्ही ते पाहिलंत. ओरडला नाहीत. खोडरबर माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "कागदावर मनचं लिहायचं नाही. खोड. तुझ्या हाताने." मी विचारलं, मग मी कुठे आहे? तुम्ही म्हणालात, "तू कागदात नाहीस. तू घरात आहेस." मी खोडलं. आणि त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला बोरू करून दिलात आणि मोडी शिकवायला घेतलीत, त्याला नाही. त्याला अक्षरं दिसली की झोप यायची. का शिकवलीत, हे मी कधी विचारलं नाही. भरपाई म्हणून, असं मी धरून चालले. कदाचित तुम्हाला नुसती हौस असेल.

म्हाताऱ्याच्या बायबलमध्ये मागच्या कोऱ्या पानांवर घरातल्या नोंदी होत्या. त्या घराण्यातल्या एका गृहस्थाने लिहिलं होतं, अमुक दिवशी मुलगी झाली, पहाटेची वेळ, खाली बायकोची तब्येत. मग पाचेक वर्षांनी त्याच हातात, पण सावकाश लिहिलेलं, 'या वसंतात एक मुलगा आमच्याकडे आला. चार वर्षांचा असावा. आम्ही त्याला माझ्या वडिलांचं नाव दिलं आहे.' दुसरं मूल नाही. मी ते वाचलं, मनात म्हटलं, मुलगा नव्हता म्हणून दत्तक घेतला, आणि वंशावळीच्या तक्त्यावर त्या गृहस्थापासून त्या मुलापर्यंत सरळ ठसठशीत रेघ ओढली. त्या मुलाचा मुलगा, त्याचा मुलगा, आणि त्याचा हा आपला नालवाला. मुलीच्या नावाखाली मी काही लिहिलंच नाही. ती लग्न करून पश्चिमेला गेली होती, म्हणजे संपली. मीच, आबा. ज्या सनदेतल्या 'कोणीही असोत' पुढे मी हात जोडले होते त्याच सनदेचं काम करताना माझ्या हाताने आपोआप मुलगी वगळली आणि दत्तक धरला. दत्तक म्हणजे मुलगाच, याबद्दल मला कधी शंका घेताच आलेली नाही. ज्याने माझी जागा घेतली तो वारस नसेल, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

मी म्हाताऱ्याला सांगून टाकलं की तुमचे वडील खरं बोलत होते. तो टोपी काढून हातात फिरवत राहिला. त्याच्या मुलीने फायर स्टेशनच्या हॉलमध्ये लहानसा समारंभ केला, केकवर किताब लिहून आणला. तो टाय लावून आला आणि वडिलांचा फोटो केकच्या शेजारी उभा करून ठेवला. ज्यांच्या बापांनी खिजवलं होतं असे दोघेतिघे म्हातारेही आले होते आणि त्याचा हात हातात घेत होते. मी बेसनाचे लाडू नेले होते, त्याने दोन खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला.

तक्ता मी एडिंबरोच्या बाईंनाही तपासायला पाठवला होता, आठवड्याने त्यांचं उत्तर आलं. काम चोख आहे, फक्त एक शंका. बायबलमधला तो मुलगा 'आला' असं लिहिलंय, झाला असं नाही. तो पोटचा नसेल तर किताब त्याच्याकडून पुढे जात नाही. आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं मूल, त्यांनी मागाहून लग्न केलं, तर स्कॉटलंडात चालतं. मुलगी चालते. दत्तक चालत नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. मी जावयांना सांगितलं. म्हणजे तुमच्या. ते म्हणाले, "यार, तू व्हेरिफाय केल्याशिवाय त्याला सांगितलंसच कशाला? कॅन्सल कर म्हणावं सगळं." मी म्हटलं, केक खाऊन झालाय. आमच्या मुलीला शिकागोजवळ शॉमबर्गला फोन केला. ती तिकडे फिजिओथेरपिस्ट आहे, पण शाळेत असताना तिनेही एकदा फॅमिली ट्री केलेलं.

"आई, तू सॉलिड लाइन काढलीस? अडॉप्टेडला डॉटेड लाइन असते. एव्हरीवन नोज दॅट."

"आपल्याकडे नसते गं."

"आपल्याकडे म्हणजे कुठे?"

फोन ठेवून मी कामाला लागले, आणि हे मात्र कबूल केलं पाहिजे की त्या दिवसांत मी हावरटासारखी कामाला लागले होते. ती पश्चिमेला गेलेली मुलगी मला शोधायची होती. दत्तक बाजूला, म्हणजे किताब तिचा. शिरगणतीची पानं, चर्चच्या वह्या, थडग्यांचे फोटो. इलिनॉयमधल्या एका चर्चच्या वहीत ती सापडली, सहा मुलांची आई. तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. खोलीत कुणी नव्हतं. मी मोठ्याने मराठीत म्हणाले, "आलीस का बाई." दीडशे वर्षं ती कागदाबाहेर उभी होती, आणि सगळा वेळ तो कागद तिचाच होता. तिकडे रक्त लागतं, मग ती मुलगी असली तरी चालते. आपल्याकडे मुलगा लागतो, मग तो पोटचा नसला तरी चालतो. दोन्ही माणसांनीच ठरवलेलं, आणि दोन्हीकडे ते देवाने सांगितल्यासारखं पाळलेलं. त्या मुलीच्या थोरल्या पातीत आता एकच बाई उरलीय, त्र्याऐंशी वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढून निवृत्त झालेली. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याला सांगायला मी त्याच्या घरी गेले. फोनवर सांगायची हिंमत नव्हती, समोर बसून सांगायचीही नव्हती, पण आपण हात दाखवून अवलक्षण केलंय तर निदान तोंड तरी दाखवावं. त्याच्या स्वयंपाकघरात एक जुनी लाकडी खुर्ची आहे, हातांवर झिजून गुळगुळीत झालेली. बायबलात नोंदी लिहिणाऱ्या गृहस्थाची, पुढे त्या मुलाची. त्याने मला तिच्यावर बसवलं. मी सगळं सांगितलं, चूक माझी कशी झाली तेही. तो ऐकत होता. मग त्याने हळूच नाकाला हात लावला. "म्हणजे हे नाक कुणाचं?" तो म्हणाला. तो विनोद करत नव्हता. मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या चेहऱ्यावर मला सहा वर्षांचा एक मुलगा दिसला, फेटा डोळ्यांवर आलेला, मागे वळून बघणारा. पन्नास वर्षांत प्रथमच मला वाटलं की त्या दिवशी त्या घरात माझ्यापेक्षा जास्त काहीतरी त्याचं गेलं होतं.

नाकावरचा हात काढून तो म्हणाला, "मग खरी कोण ते तुम्हाला मिळालंय?" मी नंबर दिला. त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. बाई आधी म्हणाल्या, "मला काही विकत घ्यायचं नाही." तो म्हणाला, "मॅम, मी विकत नाहीये. तुमच्या पणजीच्या वडिलांच्या खुर्चीत माझे पणजोबा बसले. ती खुर्ची आणि तिच्याबरोबर एक नाव, दोन्ही तुमचं आहे. ते परत करायला फोन केलाय." आणि त्याने सगळी हकीकत सांगितली, एकदाही न अडखळता, जणू दुसऱ्या कुणाची सांगतोय. इतका थोर माणूस मी जवळून पाहिलेला नाही, आबा. त्याच्याकडून चारशे वर्षं जात होती आणि तो ती दोन्ही हातांनी देत होता.

बाईंनी विचारलं, "त्या मुलाने म्हाताऱ्या-म्हातारीचं शेवटी केलं का? आमच्या पणजीला जाता आलं नाही. लेकरं लहान, रस्ता लांब. ते तिला मरेपर्यंत लागून राहिलं होतं असं सांगतात."

"केलं, मॅम. दोघांनाही त्यानेच पुरलं. दगडही त्यानेच बसवले. तिथलं गवत अजून मी कापतो."

"मग नाव मी घेते," बाई म्हणाल्या. "नातींना सांगायला बरं. खुर्ची त्याचीच. ती हलवू नका."

म्हाताऱ्याने फोन ठेवला, डोळे पुसले, उठून कॉफी केली. मी त्या खुर्चीवर बसून होते आणि मला तुमचे शेवटचे तेरा महिने दिसत होते, जे मी पाहिलेच नाहीत. तुमची कूस बदलणारा तो, तुमचं अंथरुणातलं सगळं काढणारा तो, तुमच्या तोंडात शेवटचं पाणी घालणारा तो. मी आठव्या दिवशी पोचले. तो डोकं भादरून ओसरीवर बसला होता. म्हणाला, "ताई, शेवटी आबा तुझंच विचारत होते." मला वाटलं, हा मला हिणवतोय. मी म्हटलं, "तुला दत्तक घेतलं ते ह्यासाठीच. तुला करायलाच हवं होतं." तो आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी आलं घातलेला घेते हे त्याच्या लक्षात होतं.

कॉफी देताना म्हाताऱ्याने सहज विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे का, मॅम?" आणि मी म्हटलं, नाही, मी एकुलती एक. खोटं बोलताना विचारसुद्धा करावा लागला नाही, कारण इथे मी अठ्ठावीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलेय. माझ्या मुलीला मामा आहे हे तिला माहीत आहे, पण तिने त्याला एकदाच पाहिलंय. त्या माणसाच्या स्वयंपाकघरात, त्या खुर्चीवर बसून, तो फोन ऐकल्यानंतर मी हे म्हणाले.

हे पत्र मी पाठवणार नाही. मेलेल्या माणसाला पत्र जात नाही हे काही त्याचं कारण नव्हे. आज दुपारी मी पाकीटही घेतलं होतं आणि त्यावर सवयीने तुमचं नाव लिहून खाली आपल्या तालुक्याच्या घराचा पत्ता घातला. तिथे आता तो राहतो. पोस्टमन हे पत्र त्याच्याच हातात देईल, आणि तुमचं नाव पाहून तो ते फोडेल. त्याने हे वाचावं असं मला वाटतं. त्याने वाचल्यावर फोन केला तर उचलायची माझी तयारी नाही.